शेजारी कोण? ख्रिस्ती प्रेमधर्माविषयी काही विचार

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला 'ख्रिस्ती प्रेमधर्म' हा विषय सुचविला, तेव्हा आमच्या पुष्कळ स्नेह्यांना नवल वाटले. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. देवावरची प्रीती हा धर्मोपदेशकांचा प्रांत. शिवाय आम्ही ख्रिस्ती नाही आणि कॉलेजची पायरीही कधी चढलो नाही. बायबल आम्ही वाचले ते रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, एका ख्रिस्ती फिटरने दिलेल्या जुन्या मराठी प्रतीतून. तेव्हा धर्मशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण तीस वर्षे करारनामे वाचण्यात गेली असल्यामुळे एक सवय लागली आहे. एखादे कलम पुढे आले की ते कोठे बसविले आहे, त्याच्या मागेपुढे काय आहे आणि ते नेमके कोणावर काय बंधन घालते, हे आम्ही आधी पाहतो. त्याच सवयीने हा ग्रंथ वाचला असता आम्हांला जे दिसले, तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रसंग सर्वांच्या ऐकिवातला आहे. एका शास्त्र्याने येशूला विचारले की, सर्व आज्ञांत मोठी आज्ञा कोणती? येशूने उत्तरात एकाऐवजी दोन आज्ञा सांगितल्या. आपल्या सर्व सामर्थ्यानिशी देवावर प्रीती करावी ही पहिली, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही दुसरी. यांतली एकही त्याने नव्याने घडविलेली नव्हती. पहिली मोशेच्या नियमशास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकात आहे, दुसरी 'लेवीय' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात. येशूने दोन जुनी कलमे उचलून एकमेकांशेजारी ठेवली आणि बाकीचे सारे शास्त्र या दोन खुंट्यांवर टांगलेले आहे असे सांगितले.

आता दुसरे कलम मूळ जागी जाऊन पाहू. शेजाऱ्यावरची प्रीती म्हटले की काही गोड, मऊ भाषा तेथे असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो अध्याय एखाद्या ग्रामपंचायतीच्या नियमावलीसारखा आहे. कापणी करताना शेताच्या कडा अगदी काठापर्यंत कापू नका, सरवा वेचून नेऊ नका, द्राक्षमळ्यात गळून पडलेले मणी उचलू नका. ते गरिबासाठी आणि परक्या माणसासाठी राहू द्या. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. न्याय करताना गरिबाची बाजू केवळ तो गरीब म्हणून घेऊ नका आणि मोठ्याची तो मोठा म्हणून घेऊ नका. तराजू खरा ठेवा, मापे खरी ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत रात्रभर आपल्या घरी ठेवून घेऊ नका. आणि या साऱ्या रोखठोक व्यवहाराच्या मधोमध, काही वेगळे सांगत आहोत असे न दाखवता, शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ती आज्ञा येते. पुढे थोड्याच अंतरावर परदेशी माणसालाही हीच आज्ञा लागू केली आहे.

मजुरीच्या कलमापाशी आम्ही पहिल्यांदा वाचताना थबकलो. रोजंदारीवरच्या माणसाची संध्याकाळ ज्याने पाहिली असेल, त्याला त्या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दिवसाचे पैसे हातात आले तर वाण्याकडून पीठमीठ येते आणि चूल पेटते. "उद्या ये" म्हटले तर रात्र उपाशी जाते. मालकाला ती एका रात्रीची सवड असते, मजुराला तो एक उपास असतो. 'अनुवाद' या पुस्तकात तर कारणही दिले आहे: मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांकडे लागलेला असतो, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी त्याचे देणे चुकते करा. ख्रिस्ती मंडळींच्या नव्या करारात याकोबाचे पत्र आहे. त्यात कापणी करणाऱ्यांची बुडविलेली मजुरीच धन्याविरुद्ध ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असे चित्र काढले आहे. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची अखेरची तारीख ठरविली, आणि २०१९ साली संसदेने संमत केलेल्या वेतन संहितेत रोजंदारीच्या माणसाला पाळी संपताच मजुरी द्यावी असे लिहिले गेले. जे कलम अडीच हजार वर्षांपूर्वी प्रीतीच्या अध्यायात बसविलेले होते, ते आपण कायद्याच्या पुस्तकात बसविले. कायदा झाल्यावरही मुकादमाच्या दारात ताटकळणारी माणसे आम्ही रोज पाहतो, ही गोष्ट वेगळी.

कोणी म्हणेल, हे सारे शेजाऱ्याविषयी झाले. पहिली आज्ञा तर देवाविषयी आहे. तिचे काय? याबाबतीत योहानाच्या पत्रातील युक्तिवाद आम्हांला सरळ वाटतो. जो भाऊ डोळ्यांना दिसतो त्याच्यावर ज्याला प्रीती करता येत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर प्रीती करतो असे म्हणू लागला तर तो खोटे बोलतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे पहिल्या आज्ञेची हजेरी दुसऱ्या आज्ञेच्या वहीत लागते. देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या कामगारांबरोबर आम्ही काम केले आहे. ही वही दोघांनाही उघडून पाहता येते, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

लूककृत शुभवर्तमानात हाच संवाद थोड्या निराळ्या रीतीने येतो आणि तेथे खरी मौज आहे. शास्त्री दोन्ही आज्ञा स्वतःच म्हणून दाखवितो आणि मग विचारतो, "पण माझा शेजारी कोण?" हा वकिली प्रश्न आहे. कामगार न्यायालयात ज्याने दिवस काढले आहेत, त्याला तो ओळखीचा वाटेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात '२ (एस)' या कलमात कामगार कोणाला म्हणावे याची व्याख्या होती. माणसाला कामावरून काढले, तो न्याय मागायला आला, की समोरचे वकील पहिला मुद्दा हाच काढीत: हा गृहस्थ व्याख्येप्रमाणे कामगार आहे काय? त्या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षे तारखा पडत. अन्याय झाला की नाही याकडे वळेपर्यंत माणूस म्हातारा होई. व्याख्या मागण्यात पुष्कळदा जबाबदारीची हद्द आखून घेण्याचा हेतू असतो. हद्दीच्या आत जेवढे येतील तेवढ्यांचे आम्ही देणे लागतो, पलीकडच्यांचे नाही.

येशूने व्याख्या दिली नाही, गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हाती सापडला. त्यांनी त्याला मारून अर्धमेला टाकला. एक याजक आला, पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेला. मंदिराचा सेवक असलेला लेवी आला, तोही तसाच गेला. मग एक शोमरोनी आला. शोमरोनी आणि ज्यू यांचे हाडवैर होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ज्यूंच्या राज्यकर्त्याने शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावरील मंदिर उद्ध्वस्त केले होते. अशा बाटग्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि वर लागेल तो खर्च परत येताना देईन असे सांगितले. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ही दया म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि पुढच्या बिलाचा जामीन. गोष्ट संपल्यावर येशूने प्रश्न उलटा फिरविला: या तिघांपैकी कोण त्या माणसाचा शेजारी झाला? शास्त्र्याने विचारले होते की शेजारी कोण आहे. त्याला उत्तर द्यावे लागले ते शेजारी कोण झाला याचे.

या गोष्टीचा आमच्या चळवळीशी एक अगदी थेट संबंध आहे. अमेरिकेतील मेंफिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे बसलेले दोन काळे सफाई कामगार कचरा दाबणारे यंत्र अचानक चालू होऊन चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या मदतीला मार्टिन ल्यूथर किंग आले. ३ एप्रिलच्या रात्री, बाहेर वादळ चालू असताना, किंग यांनी भरल्या सभेत हीच शोमरोन्याची गोष्ट सांगितली. ते स्वतः पत्नीसह त्या रस्त्याने मोटारीने गेलेले होते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. वाट वळणावळणाची, उतरती, दबा धरून बसायला सोयीची. याजक आणि लेवी घाबरले असतील, हे किंग यांनी समजून घेतले. थांबलो तर आपले काय होईल, असा प्रश्न त्या दोघांच्या मनात आला असावा; शोमरोन्याच्या मनात आला तो असा की, मी थांबलो नाही तर याचे काय होईल? सफाई कामगारांच्या बाबतीत आज आपल्यापुढे हाच दुसरा प्रश्न आहे, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. दुसऱ्याच दिवशी, ४ एप्रिलला, त्यांची गोळी घालून हत्या झाली. १६ एप्रिलला तडजोड झाली, पगारवाढ मिळाली आणि शहराला संघटनेला मान्यता द्यावी लागली.

याच्या बरोबर एक वर्ष आधी, ४ एप्रिल १९६७ रोजी, न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये किंग यांनी या गोष्टीला आणखी एक पाऊल पुढे नेले होते. जखमीला उचलणे हे पहिले काम झाले, पण माणसे वारंवार लुटली जातात तो यरीहोचा रस्ताच बदलावा लागेल, असा त्यांचा आशय होता. आमच्या मते संघटनेचे काम येथून सुरू होते. अपघात झालेल्या कामगारासाठी वर्गणी गोळा करणे चांगलेच, आम्हीही डबा फिरवितो. पण प्रेस मशीनला गार्ड बसवून घेतला नाही तर दर पावसाळ्यात डबा फिरवीत बसावे लागेल.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. मेंफिसमध्ये संपकऱ्यांचे म्हणणे न ऐकणाऱ्या गोऱ्यांपैकी पुष्कळ दर रविवारी चर्चमध्ये जाणारे होते. गुलामांचा व्यापार ख्रिस्ती राष्ट्रांनी शतकानुशतके केला. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी आहे, म्हणजे शेजारधर्म मेल्यावरही आडवा आला. हे सर्व खरे आहे. परंतु मालकाने करार मोडला म्हणून आम्ही करारनामा फाडून टाकीत नाही. मोडलेल्या कलमावर बोट ठेवता येते, म्हणून तर भांडता येते. पंडिता रमाबाई काय, किंग काय, त्यांनी हेच केले. ग्रंथ हातात धरून त्याच्या रखवालदारांना जाब विचारला.

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखविताना आम्हां संघटनावाल्यांनीही आपली हद्द पाहावी. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर, एकाच पाळीत उभे असतात. हातातला पगार निम्मा किंवा तिजाई. मागणीपत्र निघते ते कायम कामगारांचे, कारण पावती तेच फाडतात. "ते आपले सभासद नाहीत" हे वाक्य आमच्या सभांत जितक्या सहज येते, तितक्याच सहज त्या शास्त्र्याचा प्रश्न आला असेल. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याची गोष्ट आम्ही एकदा अभ्यासवर्गात ठेवली होती. मळ्याचा धनी पहाटे लावलेल्या मजुरांना ठरल्याप्रमाणे एक दीनार देतो आणि शेवटच्या एका तासासाठी लावलेल्यांनाही तेवढाच देतो, पहाटेचे कुरकुरतात. वर्गातील झाडून सारे जुने कामगार पहाटेच्या मजुरांच्या बाजूचे निघाले. एकजण म्हणाला, "अशाने सिनिऑरिटीला काही किंमतच उरणार नाही." तेवढ्यात मागे बसलेला एक कंत्राटी पोरगा, हेल्पर, उठून म्हणाला, "पण साहेब, ते दिवसभर नाक्यावर बसलेच होते की. कोणी बोलावलेच नाही त्यांना." गोष्टीतही तसेच आहे. धनी विचारतो, दिवसभर येथे रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हांला कोणी कामाला लावले नाही. एक दीनार ही एका घरच्या एका दिवसाच्या पोटाची किंमत आहे, आणि पोट तासावर चालत नाही. वाद त्या दिवशी मिटला नाही. मिटावा असे आम्हांलाही वाटले नाही, कारण सेवाज्येष्ठता हे कामगाराने फार कष्टाने मिळविलेले संरक्षण आहे आणि एका दृष्टांताच्या बळावर ते सोडून देता येणार नाही.

आता सृष्टीविषयी. येशूच्या उत्तरात आज्ञा दोनच आहेत. झाडावर, पाण्यावर, जनावरावर प्रीती करा अशी तिसरी आज्ञा तेथे नाही. उलट, 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात मनुष्याला पृथ्वीवर सत्ता चालविण्याचा अधिकार दिलेला आहे. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली नेमके यावरच बोट ठेवले: पश्चिमेने निसर्गाची जी लूट केली तिचे मूळ या शिकवणीत आहे, असे त्याने लिहिले. आरोप गंभीर होता आणि ख्रिस्ती विचारवंतांना तो लागला. त्यांनी पान उलटून पुढचा अध्याय दाखविला. तेथे देव मनुष्याला बागेत ठेवतो ते तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. मशागतीसाठी जो हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ सेवा करणे असाही होतो.

आम्हांला स्वतःला याहून अधिक पटतात ती नियमशास्त्रातील बारीक कलमे. सातव्या दिवशी काम बंद ठेवावे, का? तर बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा आणि दासीच्या मुलाला व परक्या माणसाला दम घेता यावा. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी; त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये. शहराला वेढा घातला तरी फळझाडे तोडू नयेत. येथे मजूर, परका माणूस, बैल आणि जमीन एकाच यादीत आहेत. चौघांचेही दुखणे एक आहे: ज्याच्या हाती सत्ता आहे तो त्यांना विसावा न देता राबवू शकतो. तेव्हा तिसरी आज्ञा वेगळी लिहावी लागली नाही, ती दुसरीच्या पोटात होती. आपला शेतकरी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाही. ती वर्षातली एक सुट्टी, ही आठवड्यातली.

आणि माणसाची आठवड्यातली सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगाराला कोणी मिळवून दिली? जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेनंतर, जिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाचा रविवार प्रार्थनेचा. लोखंडे यांनी तो खंडोबाचा वार म्हणून मागितला. वार कोणत्या देवाचा याची चिंता थकलेल्या पाठीला नसते.

सृष्टीचा विषय निघाला की असिसीच्या फ्रान्सिसचे नाव घ्यावेच लागते. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा हा मुलगा सर्व सोडून भिकाऱ्यांत आणि कुष्ठरोग्यांत राहिला. १२२५ च्या सुमारास, डोळे जवळजवळ गेलेले असताना, त्याने लोकांच्या बोलीत एक स्तोत्र रचले. त्यात सूर्य आणि अग्नी हे भाऊ, चंद्र आणि पाणी या बहिणी, आणि पृथ्वी बहीण असून आईही. आपल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या वाचकाला हे परके वाटणार नाही. त्या स्तोत्रातील क्षमेचे कडवे असिसीचा बिशप आणि नगराधिकारी यांच्यातील भांडण मिटावे म्हणून मागाहून जोडले, असे परंपरा सांगते. याच संताचे नाव धारण करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकाला त्या स्तोत्राच्या पालुपदाचे नाव दिले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत, हा त्याचा गाभा आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट वसईकरांनी त्याच्या कितीतरी आधी ओळखली. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकविणाऱ्या त्या पट्ट्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची दृष्टी गेली. बावखले बुजू लागली आणि गोड्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. विहिरीचा उपसा वाढला की समुद्राकाठच्या भागात खारे पाणी आत शिरते, आणि मग शेजारच्या गरीब बागाईतदाराची विहीरही जाते, त्याने स्वतः एक हंडा विकला नसला तरी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सर्व धर्मांच्या लोकांना घेऊन हरित वसई संरक्षण समितीतर्फे याविरुद्ध लढा दिला, धमक्या सोसल्या. मराठीत 'सुबोध बायबल' आणणारे, २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हेच ते फादर. २०२४ साली ते वारले. शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा आणि आपल्या विहिरीचा झरा आतून एकच असतो, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पण कारखान्यातल्या माणसाचा पेच याहून अवघड आहे. आमच्या भागातील एका रासायनिक कारखान्याचे सांडपाणी रात्री तसेच ओढ्यात सुटे. शुद्धीकरणाचा प्लांट होता, त्याला कामगार नुसते 'ईटीपी' म्हणतात. विजेचे बिल वाचावे म्हणून तो तिसऱ्या पाळीत बंद ठेवीत. ओढा खाडीला मिळतो. खाडीवरचे कोळी एका सकाळी गेटवर आले, त्यांच्या टोपलीत मेलेल्या निवट्या होत्या. आतून कामगार ओरडू लागले: तक्रार गेली तर कारखान्याला टाळे लागेल, आमच्या चारशे चुली विझतील. कोळी म्हणत, आमच्या विझल्याच आहेत. दोघेही गरीब, दोघेही खरे बोलत होते. अशा वेळी प्रीतीच्या गोष्टी सांगणाऱ्याला लोक हाकलून देतात आणि ते योग्यच करतात.

सभा तीन रात्री चालली. कामगारांपैकीच पुष्कळजण त्या ओढ्याच्या काठच्या चाळींत राहत होते, त्यांची पोरे त्या पाण्यात उतरत, हे दुसऱ्या रात्री एका बाईने उठून सांगितले, तेव्हा बोलण्याची दिशा फिरली. अखेर मागणीपत्रात पगारवाढीच्या खालोखाल एक कलम घातले गेले: ईटीपी तिन्ही पाळ्यांत चालवावा, त्यावर काम करणाऱ्या चार कंत्राटी ऑपरेटरांना कायम करावे, आणि पाण्याच्या तपासणीचा तक्ता दर आठवड्याला गेटवर, कोळ्यांना वाचता येईल असा मराठीत लावावा. व्यवस्थापनाने पहिल्या बैठकीत हे संघटनेच्या कक्षेबाहेरचे म्हणून बाजूला ठेवले. पाचव्या बैठकीत तक्ता मान्य झाला, तिसरी पाळीही मान्य झाली. चारांपैकी दोन ऑपरेटर कायम झाले. उरलेल्या दोघांचे प्रकरण अजून समझोता अधिकाऱ्यापुढे आहे, आणि समोरच्या वकिलांनी घेतलेला पहिला मुद्दा असा आहे की, हे दोघे आमचे कामगारच नव्हेत.